सोमटोबाच्या शोधात

शिक्रापूर

शिक्रापूरच्या चौकात मी तिघांना सोमटोबाचं ठाणं कुठे आहे असं विचारलं आणि तिघांनीही मला रस्ता सांगितला. पानटपरीवाला म्हणाला, "म्हसोबा म्हणायचंय तुम्हाला. पुढं ओढ्याच्या कडंला हाय." रसवंतीवाल्या मावशींनी "सोमेश्वर असंल" म्हणून उलट्या दिशेला हात केला. कारखान्याच्या निळ्या शर्टातला, उत्तरेकडून कामाला आलेला मुलगा म्हणाला, "दीदी, मंदिर तो इधर बहुत हैं, कोई भी पकड़ लो." मालट्रकांच्या धुराळ्यात उभी राहून मी रस प्यायले आणि शिरूरची एसटी धरली.

देव शोधत हिंडणं हा माझा उद्योग नव्हे. आमच्या इचलकरंजीच्या घरात देवघर नव्हतं, पत्रकं होती. वडील दिवसा यंत्रमागावर आणि संध्याकाळी एका छोट्या छापखान्यात खिळे जुळवायला जात. भाववाढ, हुंडा, बुवाबाजी, साहेबांच्या गुप्त मंडळ्या, सगळ्यांविरुद्ध पत्रकं निघत आणि त्यांच्याच उरलेल्या गठ्ठ्यांवर मी वाचायला शिकले. मोठी झाल्यावर तशीच लिहूही लागले. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला पुण्यात माझं बुवाबाजीवर भाषण झालं. त्यानंतर शिरूरच्या चर्चचे पाळक केदारीसाहेब मला भेटले. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, मांडवगण फराट्याचं एक पाटोळे कुटुंब होतं. पाच पिढ्यांचे ख्रिस्ती. पण दर वर्षी उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी हे लोक दार लावून, दिवे विझवून सोमटोबा नावाच्या कुठल्यातरी जुन्या देवाचा पुकारा करतात, अशी तक्रार मंडळीच्या पंचांकडे आली होती. पंचांनी ठरवलं होतं की यंदा त्यांनी ते सोडलं नाही, तर पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, त्यांना प्रभुभोजनाच्या भाकरीला बसवायचं नाही आणि मंडळीतून नाव काढायचं.

"तुम्ही बाहेरच्या आहात," पाळक म्हणाले. "बघा आणि खरं काय ते लिहा. तुमचं पत्रक मी पंचांसमोर वाचीन."

शिरूर, सोमवार

पाळकसाहेबांच्या दारात "नमस्कार" म्हणून मी हात जोडले, तर आतून तीनचार आवाज आले, "सलाम, सलाम." मराठी ख्रिस्ती घरात एकमेकांना सलाम करतात हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या गल्लीत हा शब्द फक्त मुसलमान शेजाऱ्यांकडून ऐकलेला. जेवायला आमटी-भात, वांग्याचं भरीत, बाजरीची भाकरी. जेवणाआधी सगळ्यांनी डोळे मिटले. मला मिटायचे नव्हते, म्हणून मी भरिताकडे बघत बसले. पाळकबाईंनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि प्रार्थना जरा लवकर आटपली.

मला वाटलं होतं पाळक कडक माणूस असेल. तो दमलेला माणूस निघाला. "माझे पणजोबा खंडोबाचे वाघ्या होते," जेवणानंतर ते म्हणाले. "आईबापांनी लहानपणीच देवाला सोडलेले. त्यातून निघायला आमच्या घराला दोन पिढ्या लागल्या. आता माझ्याच मंडळीतलं कुणी मागे वळायला लागलं, तर मी बघत बसू?"

मी म्हटलं, "आणि नाव काढल्यावर ते वळायचे थांबतील?"

"पाटोळ्यांचे शिमोन आबा जन्मभर शेवटच्या बाकावर बसत आले आहेत. त्यांना रविवारी भाकर नाकारायची वेळ आली, तर ती माझ्याच हातानं नाकारावी लागेल. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

मांडवगण फराटा, मंगळवार

वडापची जीप उसाच्या ट्रॅक्टरमागून रांगत गेली. दोन्ही बाजूंना तोडलेल्या उसाचं पाचट, मधे कुठे हिरवा खोडवा, आणि वाऱ्याबरोबर गुऱ्हाळाचा वास. आमच्याकडेही ऊस आहे, पण आमची जमीन काळी आणि ओली वाटते. इथे पाणी नदीपासून जितकं लांब जाईल तितका रंग उडत जातो.

उतरताना चपलेचा अंगठा तुटला. एका पायात चप्पल, एक हातात, अशी मी पाटोळ्यांच्या दारात पोचले. ओसरीवर पाण्याची मोटार उघडून तिच्या पोटात तांब्याची तार भरत एक म्हातारे बसले होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आले का पाळकाचे सीआयडी?"

"आबा, बोलायचं असं?" आतून एक मुलगी आली. आबांची नात, एस्तेर. केडगावच्या शाळेत शिकवणारी, माझ्याच वयाची. तिनं माझी चप्पल घेतली, आबांच्या पुढ्यातली थोडी तार तोडली आणि अंगठा बांधून दिला.

"ती तार इकत येती," आबा म्हणाले.

"पाहुणी काय रोज येते?" एस्तेर म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून, "पण ताई, तुम्ही आमच्याविरुद्ध लिहायला आलाय ना? मग आधीच सांगा. चहा तरी बिनसाखरेचा करते."

मी म्हटलं, काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. चहा गोड आला.

मी सरळ विचारलं, "आबा, हा सोमटोबा कोण?"

आबांनी हात पुसले. "सोमटोबा न्हाई वो. सोमटीबी. लोकांस्नी सरळ ऐकू येत न्हाई. ओरडलं की देवच वाटतो त्यांना."

"सोमटीबी म्हणजे?"

"म्हंजी आमेन. फ्री मिशनमधलं आमेन."

शिरूरच्या आसपास मिशनची नावं मी बरीच ऐकली होती. फ्री मिशन नव्हतं ऐकलं.

"दौंडला हुतं, साह्यबांचं," आबा म्हणाले. "फी न्हाई, जात न्हाई, म्हनून फ्री. सगळे एकमेकांला भाऊ म्हनायचे. कमरंला म्होरं फडकं बांधायचे, गवंड्यावानी. माझा आज्या दानिएल त्यांच्यात बसायचा, साह्यबांच्या मांडीला मांडी लावून. आम्ही म्हारोड्यातनं आल्याली मानसं, पर तितं कुनी इचारलं न्हाई. स्वतःला गवंडी म्हनवायचे म्हनं. आज्या हसायचा त्याला. हाताला एक घट्टा न्हाई, आन् म्हनं गवंडी."

गवंडी. इंग्रजीत मेसन. मी कप खाली ठेवला. फ्री मिशन नव्हे, फ्रीमेसन.

वडिलांच्या गठ्ठ्यांत या मंडळींवर एक पत्रक होतं आणि त्याच्या नादानं मी पुढे बरंच वाचलं होतं. ते इथे थोडक्यात सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. फ्रीमेसन हे खरे गवंडी नव्हेत. गवंड्यांच्या जुन्या संघटनांवरून नाव आणि खुणा उचललेली ही गृहस्थांची मंडळी. बैठक बंद दाराआड, आणि प्रार्थनेच्या शेवटी सगळे एकसुरात जुन्या इंग्रजीत म्हणतात, "सो मोट इट बी." म्हणजे, असंच असो. पहिल्या पायऱ्यांवर देव मानणारा कुठल्याही धर्माचा माणूस चालतो. पण वरच्या काही पायऱ्या फक्त ख्रिस्ती माणसांसाठी. त्यांत कुठे भाकर आणि मीठ वाटून खातात, कुठे उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी दिवे विझवतात आणि पुनरुत्थानाच्या दिवशी पुन्हा लावतात. हा विधी कुठून आला असं विचारलं तर बरेच दिवस उत्तर मिळायचं, यरुशलेमसाठी लढलेल्या ख्रिस्ती सरदारांकडून. ते सरदार चौदाव्या शतकातच मोडून काढले गेले. त्यानंतर चारशे वर्षं या विधीचा पत्ता नाही. मग अठराव्या शतकात पॅरिसमध्ये एक स्कॉटिश गृहस्थ भाषणात म्हणाला की आमचे पूर्वज यरुशलेमला लढलेले सरदार होते, आणि फ्रान्स-जर्मनीतल्या हौशी लोकांनी सरदारी पायऱ्या, झगे आणि विधी भराभर तयार केले. पुढे त्यांच्याच एका परिषदेला मान्य करावं लागलं की हा वंश काही सिद्ध होत नाही. आपल्याकडे भाट पैसेवाल्याला रामापर्यंत वंशावळ लिहून देत, तसलाच हा प्रकार. मला असल्या खोट्या वंशावळींचा संताप आहे. माणसाला आजचा मोठेपणा पुरत नाही म्हणून तो मेलेल्यांकडून उसना आणतो.

पण मांडवगणात मला संताप आला नाही. मी हसत सुटले. सो मोट इट बी, सोमटीबी, सोमटोबा. शिरूरच्या पंचांनी एका इंग्रजी आमेनला शेंदूर फासला होता.

एस्तेरला अर्थ सांगितला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आम्ही एवढी वर्षं आमेनच म्हणतोय?"

"मी काय सांगतुया मगापासनं," आबा म्हणाले.

मग त्यांनी सगळं दाखवलं. सात पणत्या. कमरेला बांधायची धुतलेली पांढरी फडकी. ज्वारीची भाकरी मोडायची, मिठात टेकवायची, शेजाऱ्याला द्यायची, योहानाच्या शुभवर्तमानातलं एकेक वचन म्हणायचं, आणि प्रत्येक वचनाला एक पणती विझवायची. शेवटची विझवायची नाही, पाटीखाली झाकायची. रविवारी पहाटे तिच्यावरून बाकीच्या लावायच्या.

पत्रकाचा मजकूर माझ्या डोक्यात तयार झाला होता. पण पाळक विचारणारच की शब्दाचं कळलं, विधीचं काय? आणि मलाही राहवत नव्हतं. मी म्हटलं, "दौंडला जाऊन येते."

आबा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत बोलले. "जाताय तर आज्याची बसायची जागा बघून या. मी कवा गेलो न्हाई. आत सोडत्यात का न्हाई, म्हनून."

दौंड, बुधवार

दौंडच्या बाजारात मी "फ्रीमेसन हॉल कुठे?" असं विचारत होते. एका भल्या गृहस्थांनी मला रिक्षात बसवून पंचायत समितीत पाठवलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "अर्ज आणलाय का? विधवा का परित्यक्ता?" मी गोंधळले. मग कळलं की महिलांना फ्री मशीन, म्हणजे शिलाई मशीन, मिळण्याची योजना होती. मी फ्रीमेसन म्हटलं, त्यांनी फ्री मशीन ऐकलं. दानिएलनं फ्री मिशन ऐकलं ते काही वेगळं नव्हतं. ज्याला जे हवं असतं ते त्याला ऐकू येतं.

शेवटी रेल्वे कॉलनीतल्या बेकरीवाल्यानं फर्नांडिसमामांचं नाव सांगितलं. निवृत्त इंजिन ड्रायव्हर, गोव्याकडचे कॅथलिक, सत्तरी ओलांडलेले. जुन्या क्वार्टर्सजवळच त्यांनी छोटं घर बांधलं होतं. त्यांच्याकडे तळलेली मासळी आणि पाव जेवले. "होली वीक हाय, मटण बंद," ते म्हणाले. उपास म्हणून मासे खाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. शिरूरचे पाळक हा उपास मानत नाहीत, आणि आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाणा. मी तसं म्हटलं तर मामा म्हणाले, "साबुदाणा? तो तर पनिशमेंट झाला."

कॉलनीच्या टोकाला कडुलिंबाखाली तो हॉल होता. कौलं अर्धी गेलेली, पुढच्या दाराला कुलूप, आत कुणीतरी सिमेंटची पोती ठेवलेली. पोरं त्याला भूतबंगला म्हणतात.

"तुम्ही आत गेला होतात?"

"आमाला मनाई. फादर बोलायचा, तिकडे पाय ठेवला तर कन्फेशनला सांगायला लागेल. म्हणून आमी मागच्या बाजूनं जायचो." ते हसले. "मागं किचन. दानिएल बटलर आमाला बिस्किटं द्यायचा."

दानिएलचं नाव मी अजून घेतलंच नव्हतं.

मी मांडवगणचा विधी त्यांना सांगितला. दिव्यांशी आल्यावर ते ओरडलेच. "हे आमचं! आमच्या लहानपणी चर्चमध्ये ह्याच आठवड्यात लॅटिन गायचे, एक एक कॅन्डल विझवायचे. शेवटची अल्ताराच्या, वेदीच्या मागं लपवायचे. हे साहेब लोकांनी आमच्याकडनं उचललं. आणि आमालाच मनाई."

म्हणजे यरुशलेमचे सरदार वगैरे काही नाही. जुन्या कॅथलिक चर्चमधलं हे दिवे विझवणं फ्रान्समधल्या हौशी गृहस्थांनी उचललं, तिथून ते इंग्रजांकडे, इंग्रजांकडून दौंडला, आणि दौंडहून मांडवगणात. पाळकांना सांगायला मला यापेक्षा चांगलं काय हवं होतं? तुम्ही ज्याला बाहेरचं म्हणताय ते लांबचा फेरा घेऊन घरीच आलंय.

"आणि दानिएल आत कुठे बसायचा?" मी विचारलं.

"आत?" मामांनी मान हलवली. "नाय, बाय. एकदोन पारशी शेठ बसायचे, पण ह्या दिव्यांच्या दिवशी नाय. दानिएल किचनमध्ये. चल, दाखवतो."

मागच्या खोलीत चुलीचा काळा कोनाडा होता. हॉलच्या भिंतीत हातभर रुंदीची खिडकी आणि तिला सरकती फळी. ताट आत सरकवायचं, फळी लावायची. मी फळीला कान लावला. मामा पलीकडे बाहेरून फिरून गेले आणि मोडक्या तावदानातून काहीतरी बोलले. शब्द कळला नाही, सूर तेवढा कळला.

तिथे उभ्या उभ्या मला सगळं दिसलं. पाटोळ्यांच्या विधीत काय आहे? भाकर आणि मीठ, जे दानिएलनं ताटात ठेवलं. पांढरी फडकी, जी त्यानं धुतली. विझलेले दिवे, जे त्यानं नंतर आवरले. आणि पुष्कळ गळ्यांनी एकदम म्हटलेला, फळीतून गाळून आलेला एक शब्द. शपथ नाही, तलवार नाही, झगा नाही. आत बसलेल्या माणसाला जे सगळ्यात आधी आठवेल, ते यात नाही. मधली वचनं त्यानं आपल्या बायबलातून भरली होती.

मी एसटीडी बूथवरून पाळकांना फोन केला. शब्दाचं आणि दिव्यांचं सांगितलं. त्यांनी दिव्यांचं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "उद्या मी स्वतः येतो. पंचांना तुमचं सांगण्याआधी मला बघू दे." दानिएलच्या जागेबद्दल मी त्यांना काही बोलले नाही. ते आधी ज्यांचं होतं त्यांना सांगायचं होतं, किंवा सांगायचं नव्हतं. रात्रभर मी स्वतःशी भांडले. दुसऱ्यांच्या वंशावळी फाडणं सोपं असतं. त्या दुसऱ्यांनी चपलेला तार बांधून दिलेली नसते.

मांडवगण फराटा, गुरुवार

आबांनी मोटार बाजूला सारली होती. स्वच्छ धोतर, इस्त्रीचा सदरा. "बघितली जागा?"

मी सांगितलं. खिडकी, फळी, चुलीचा कोनाडा. जितकं साधं सांगता येईल तितकं.

एस्तेर उठून उभी राहिली. "ताई, हे कुणी विचारलं होतं तुम्हाला? शब्दाचं काम झालं होतं ना?"

"आबांनी विचारलं होतं."

"म्हणून सांगायचं? ते पंचाहत्तरीला आलेत. साहेबांच्या मांडीला मांडी, एवढंच तर होतं त्यांच्याकडं."

खोटं बोलता येत नाही एवढंच मला शिकवलेलं होतं, आणि त्या वेळी ते शिक्षण मला अपुरं वाटलं.

आबा भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हंजी आज्या भायेर हुता."

"हो."

"आन् तितनं ऐकू यायचं?"

"नीट नाही. पण यायचं. नाहीतर हे तुमच्यापर्यंत आलंच नसतं."

ते आत गेले आणि दुपारभर बाहेर आले नाहीत. एस्तेर माझ्याशी बोलली नाही. ज्वारीचं पीठ मळताना मात्र तिनं परात माझ्याकडे सरकवली. मी थापलेल्या भाकरीला तीन कोपरे आले. तिनं ती मोडली आणि पुन्हा थापली.

दिवेलागणीला घरातले सगळे गोल बसले. आबांचा मुलगा, सून, एस्तेर, तिची दोन चुलत भावंडं. सवयीनं एस्तेर कडी लावायला उठली. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आजपस्नं दार लावायचं न्हाई."

शेजारच्या मेंढरंवाल्यांच्या ठकूमावशी अंगणातून डोकावल्या. "आज उघडं कसं?" असं म्हणत येऊन भिंतीशी बसल्या. तेवढ्यात पाळकांची लूना दारात थांबली. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आत यावं की नाही, हे त्यांना कळत नव्हतं.

आबांनी भाकरी मोडली. मिठात टेकवून एकेकाला दिली. ठकूमावशींनाही दिली. मला दिली तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही, पण घास मोठा होता. मग ते गुडघ्यावर हात टेकत उठले आणि शेवटचा तुकडा घेऊन दाराशी गेले.

"आमचा आज्या असाच दाराभायेर उभा ऱ्हायचा, साहेब," ते म्हणाले. "आज सकाळपतूर मला ठावं नव्हतं. तुमी आत या, न्हाई तर तितंच खावा. आमच्यात दोनी चालतंय."

पाळकांनी चपला काढल्या. आत येऊन ठकूमावशींच्या शेजारी बसले आणि तो तुकडा खाल्ला.

वचनं सुरू झाली. योहानातलं सहावं वचन आबांना आठवेना. ते पाळकांनी पुरं केलं. पणत्या एकेक विझत गेल्या, शेवटची पाटीखाली गेली आणि फटींतून तिचा उजेड जमिनीवर पडला. सोमटीबी झालं. कुणीच उठलं नाही.

एस्तेरला गप्प बसवेना. "साहेब, मग रविवारचं काय?"

अंधारात पाळकांचा चेहरा दिसत नव्हता. "तुमचं मीठ खाल्लंय मी आत्ता," ते म्हणाले. "रविवारी सगळे या. आबा, पुढच्या बाकावर बसा, मला तुमच्यापर्यंत मागे यावं लागायला नको."

"आन् पंच?" आबांनी विचारलं.

"पंचांना मी सांगीन, मी स्वतः जेवून आलोय."

मग आबांचा आवाज आला, "एस्तेर, साहेबांस्नी आदी पानी दे. मीठ लई झालंय ह्या खेपंला."